वाकडी घोडी

त्याला सगळे अचूक म्हणत, आणि ते काही कौतुकानं म्हणत नसत. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला की हा गृहस्थ हात धुवायच्या आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायचा. तेही नुसत्या नजरेनं नाही. खिशातून वीतभर लांबीची पाणसळ काढायचा, बुडबुडा मधोमध आणायचा आणि मगच पानावर बसायचा. घरी बायकोनं कापलेल्या पावाच्या तुकड्यांकडे तो असा काही बघायचा, की एके सकाळी तिनं पाव आणि सुरी दोन्ही त्याच्यापुढे आदळले, "घ्या, तुम्हीच मोजा," म्हणाली आणि शेजारणीकडे निघून गेली. ती परत आली तेव्हा तो खरोखरच मोजत बसला होता.

धंदा तारवाद्यं दुरुस्त करण्याचा. दुकान एका दातांच्या दवाखान्याच्या खाली, अर्धं रस्त्याच्या पातळीखाली, त्यामुळे खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसत. वर डॉक्टरीणबाई लोकांचे दात कोरत आणि खाली हा लाकूड कोरत असे, आणि दोन्हीकडची गिऱ्हाइकं सारख्याच चेहऱ्यानं बाहेर पडत. बाईंच्या खुर्चीचं पेडल हा फुकट दुरुस्त करून द्यायचा, बदल्यात त्याला जुने आरसे, आकडे आणि चिमटे मिळायचे. वाद्याच्या पोटात डोकावायला दातांच्या आरशाइतकं सोयीचं हत्यार नाही.

दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ऐकावीच लागे. तुटलेली तार बदलायला आलेला माणूस दारातच उभा असायचा आणि अचूक सुरू व्हायचा. "अठरा वर्षांचा होतो. ताईच्या गिटारीची घोडी तारांच्या ओढीनं उखडून आली, पायांसकट. संध्याकाळी सातला तिचा कार्यक्रम. मला कुणी काही शिकवलेलं नाही. एका दुपारी जुनी भोकं बुजवली, नवी पाडली, घोडी बसवली. ताईनं तशीच उचलली, वाजवली, आणि परत आल्यावर म्हणाली, छान झालंय. तेव्हापासून हेच करतोय." घोडी म्हणजे गिटारीच्या पोटात रोवलेल्या दोन पायांवर उभी असलेली ती आडवी पट्टी, जिच्यावर तारा टेकतात. ती जिथे असायला हवी तिथे नसली तर मोकळी तार सुरात लागते आणि बोट ठेवलं की बेसूर होते. गिऱ्हाइकाला एवढं ज्ञान नको असायचं. पण गोष्ट संपल्याशिवाय तार मिळत नसे.

बरं, गोष्ट इतक्या वेळा सांगितली की तिला आपोआप पॉलिश चढत गेलं. आधी नुसती भोकं बुजवली होती. दहाएक वर्षांनी ती चांगल्या लाकडानं बुजवली गेली. पुढे ते लाकूड शिसवी झालं आणि गुल्ल्या हातानं तासलेल्या. माणूस स्वतःच्या आठवणीला जेवढा रंधा मारतो तेवढा लाकडालाही मारत नाही.

गंमत अशी, की त्या पहिल्या कामानंतर ताईनं त्याला ती गिटार कधी म्हणून दिली नाही. तारासुद्धा स्वतःच बदलायची. हा दर वर्षी विचारायचा, "एकदा आण ना, नुसती बघतो." ती म्हणायची, "चांगली वाजतेय, कशाला उगाच?" अचूकला ते लागायचं, पण त्यानं त्याचाही सोयीस्कर अर्थ लावून ठेवला होता. आपण काम इतकं पक्कं केलं, की पुन्हा करायची वेळच आली नाही.

ताई आता सदुसष्ट वर्षांची होती. टेलिफोन ऑफिसात नोकरी लागली तेव्हा तिनं ती गिटार एका म्हाताऱ्या वादकाकडून जुनीच घेतली होती. विजेवर चालणारी, पण आतून अर्धी भरीव आणि अर्धी पोकळ. मधोमध वरपासून खालपर्यंत लाकडाचा ठोकळा, दोन्ही अंगांना रिकामी पोटं आणि पोटांवर दोन वळणदार फटी. रंग एकेकाळी गडद लाल असावा. आता जिथे कोपर टेकायचं तिथे लाकूड उघडं पडलं होतं. दर शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ ताई क्लबाच्या हॉलमधे चौघांच्या बँडमधे वाजवायची आणि गुडघे दुखणारी जोडपी नाचायची. नवरा गेल्यावर आणि मुलगी परदेशी गेल्यावर ताईकडे उरलेलं सगळं त्या दोन तासांत होतं. बाकीचा आठवडा ती शनिवारची वाट बघण्यात काढायची. हे ती कुणाला सांगत नसे आणि सगळ्यांना माहीत होतं.

आणि एका शनिवारी नाच ऐन रंगात असताना गिटारीचा आवाज गेला. खरखरली, एकदा ठसकली आणि गप्प. क्लबाच्या सेक्रेटरीनं पुढच्याच आठवड्यात स्वतःचा मेहुणा आणून बसवला. मेहुण्याकडे कीबोर्ड होता, आणि त्या कीबोर्डात म्हणे ढोल, बासरी, गिटार सगळं आधीच भरलेलं. एक बटण दाबलं की मेहुण्याला फारसं काही करावं लागत नसे, आणि त्याला तेच जमत होतं. सेक्रेटरी ताईला म्हणाला, "तीन आठवडे थांबतो. चौथ्या शनिवारी आलात तर जागा तुमची, नाही तर मग हाच कायम." गावातला दुसरा दुरुस्तीवाला दोन वर्षांपूर्वी वारला होता. तेव्हा ताई गिटार घेऊन नाइलाजानं भावाच्या दुकानाच्या पायऱ्या उतरली.

"आवाज गेलाय. तेवढा आण," ती म्हणाली. "बाकी कशालाही हात लावायचा नाही. नीट ऐक, कशालाही."

"म्हणजे काय, ताई," अचूक म्हणाला. हे उत्तर नव्हतं, पण तिनं ते उत्तर म्हणून घेतलं.

पहिले चार दिवस त्यानं जे काम केलं, त्याला तोड नव्हती. या जातीच्या गिटारीला मागे झाकण नसतं. आतलं सगळं, वायरी, बटणं, कंडेन्सर, पोटावरच्या त्या फटीतूनच बाहेर काढायचं आणि फटीतूनच परत आत घालायचं. त्यानं प्रत्येक बटणाच्या दांड्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, बटणं आत ढकलली, आकड्यानं आख्खं जाळं फटीतून बाहेर ओढलं आणि दोऱ्यांची टोकं मात्र आपापल्या भोकांतून बाहेर लोंबत ठेवली. घोडं पेंड खात होतं ते एका कुजलेल्या कंडेन्सरपाशी आणि दोन सुटलेल्या सांध्यांपाशी. कंडेन्सर बदलला, सांध्यांना नव्यानं डाग दिले, बटणांतली साठ वर्षांची धूळ उडवली. मग एका हातात आरसा धरून, जीभ दातांत पकडून, एकेक दोरा हलके ओढत प्रत्येक बटण त्याच्या भोकातून परत वर आणलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी गिटार अॅम्प्लिफायरला जोडून तार छेडली, तेव्हा असा भरलेला गोड आवाज आला की वरून डॉक्टरीणबाई तोंडावरचा मास्क खाली करत विचारायला आल्या, काय झालं म्हणून.

इथे थांबला असता तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यानं सहज, अगदी सहज, दांडीवरच्या बाराव्या पडद्यावर बोट ठेवून बारीक तार वाजवली आणि सूर दाखवणाऱ्या यंत्राकडे पाहिलं. काटा डावीकडे. सूर उतरलेला. दुसरी तार, तीच रड. तिसरीही. अचूकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं पट्टी लावून बघितलं, तर घोडीचा बारीक तारांकडचा पाय जागेच्या मागे होता, चांगला पाचएक मिलिमीटर. तारा सैल करून त्यानं तो पाय उपसला, आणि खालच्या भोकातून काय निघावं? काड्यापेटीच्या काड्या! सरसात बुडवून कोंबलेल्या. काहींची गुलंसुद्धा शाबूत होती.

"माझ्या शिसवी गुल्ल्या काढून," तो बायकोला सांगत होता आणि त्याचा आवाज खरोखर कापत होता, "कुठल्या तरी गाढवानं काड्या कोंबल्या. आणि घोडी वाकडी बसवली. आणि ती बिचारी त्याच्यावर वाजवतेय!"

"ताईंनी हात लावू नका म्हटलं होतं ना?" बायकोनं विचारलं.

"तिला माहीतच नाही तर ती काय म्हणणार?"

पुढचे दहा दिवस त्या अज्ञात गाढवाचा दुकानात रोज उद्धार होत होता. तार न्यायला आलेल्यांना आता नवी गोष्ट ऐकावी लागली. अचूकनं तेवीस काड्या एका काचेच्या बशीत मांडून ठेवल्या होत्या आणि पुरावा म्हणून दाखवत होता. गाढवाला डोळे नव्हते, हात नव्हते, लाज तर नव्हतीच. त्याला पायताणानं मोजावं, त्याची पटाशी काढून घ्यावी, त्याला आयुष्यभर दारांच्या कड्या बसवायला लावाव्यात. डॉक्टरीणबाईंच्या पेशंटनासुद्धा भूल चढेपर्यंत हे ऐकू जायचं. आणि एकीकडे काम चालू होतं. त्यानं काड्या कोरून काढल्या, भोकात नेमकी बसणारी लाकडी गुल्ली सरसानं बसवली, वरून रंग असा जुळवला की भिंगातून बघूनही सांधा सापडू नये. नवं भोक योग्य जागी पाडलं. हात लागलाच आहे तर म्हणून झिजलेले पडदेही कानशीनं एका पातळीत आणले. शेवटी यंत्राचा काटा प्रत्येक तारेवर, प्रत्येक पडद्यावर मधोमध उभा राहू लागला. त्या रात्री तो बारा तास झोपला.

चौथ्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी ताई आली. सोबत म्हणून अचूकनं बायकोलाही बोलावून घेतलं होतं. एवढा सोहळा बघायला घरचं कुणीतरी हवं. ताई स्टुलावर बसली, गिटार मांडीवर घेतली, उघड्या लाकडावर कोपर टेकलं आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला. खर्जातल्या तारांवर दोन स्वर. सुरेख. मग ती वर गेली, बारीक तारांवर, आणि सूर फाटला.

ती थांबली. पुन्हा वाजवलं. पुन्हा चढा. प्रत्येक स्वर पाहिजे त्याच्या जरासा वर, जसं कुणी टाचा उंचावून उभं राहावं. तिनं बोटाकडे पाहिलं, गिटारीकडे पाहिलं आणि मग हळूच भावाकडे पाहिलं.

"काय केलंस?"

"तू चढी वाजवतेयस," अचूक म्हणाला. त्यानं यंत्र तिच्यासमोर धरलं. "गिटार बरोबर आहे. हे बघ. तू जरा... चुकतेयस."

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला.

"घोडी हलवलीस," ताई म्हणाली.

"हलवली? सुधारली! ताई, तुला ऐकून धक्का बसेल, पण इतकी वर्षं तू वाकड्या घोडीवर वाजवत होतीस. माझ्यानंतर कुठल्या तरी गाढवानं..."

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग मला का नाही सांगितलंस? नाव सांग त्याचं!"

ताईनं बशीतल्या काड्यांकडे पाहिलं. "त्या संध्याकाळी आईला शेगडी पेटवायला घरात एक काडी मिळाली नव्हती," ती म्हणाली. "सगळी कपाटं उलथीपालथी केली तिनं. शेवटी शेजारून पेटी मागून आणली."

अचूक हसला. मग त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि आतून माणूस निघून गेला. "नाही," तो म्हणाला. "मी शिसवी गुल्ल्या..."

"शिसव कुठून आणणार होतास रे तू? आपल्या घरातलं सगळ्यात भारी लाकूड म्हणजे झाडूचा दांडा. तुझ्यानंतर त्या घोडीला कुणी बोट लावलेलं नाही. एकदाही नाही. पंचेचाळीस वर्षं ती एक तर माझ्या हातात आहे, नाही तर माझ्या पलंगाखाली."

ताईनं गिटार टेबलावर ठेवली, पर्स उचलली. "शनिवारी मी जात नाही," ती म्हणाली. "बोटांना आता नवीन काही शिकवायचं वय नाही माझं. त्या मेहुण्याला वाजवू दे." खिडकीतून तिचे बूट जाताना दिसले, सावकाश, एक पाय किंचित ओढत.

घरी गेल्यावर बायकोनं त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि बराच वेळ सहन केलं. मग तिला राहवेना. "दहा दिवस त्या गाढवाचं वर्णन ऐकत होते," ती म्हणाली, "तेव्हाच वाटत होतं, कुणीतरी ओळखीचं आहे."

एरवी यावर तासभर भांडण झालं असतं. अचूक नुसता मान खाली घालून बसला. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली आणखी एक गोष्ट होती जी जास्त बोचत होती. त्याचं सगळं आयुष्य ताईच्या ज्या दोन शब्दांवर उभं होतं, 'छान झालंय', ते शब्द खोटे होते. त्या दिवशी ती खरं बोलली असती तर तो कुठल्या तरी कचेरीत कागदांना टाचण्या लावत बसला असता. तिच्यावर रागवावं की तिचे पाय धरावेत, हे त्याला ठरवता येईना. पण एक कळत होतं. शनिवार तिचा होता, आणि तो आपण मोडला.

शुक्रवारी सकाळी तो गिटार घेऊन तिच्या घराचे तीन जिने चढला. ताईनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

"पुन्हा वाकडी करतो," तो म्हणाला.

"जमेल तुला?"

"त्यात काय जमायचंय? वाकडं करायला अक्कल लागत नाही."

लागते. दुकानात येऊन बसल्यावर कळलं, की जुनी जागा नेमकी कुठली हेच त्याला माहीत नव्हतं. स्वतःच्या हातानं सांधा इतका बेमालूम मिटवला होता की खूण उरली नव्हती. वहीत त्यानं पंचेचाळीस वर्षांत प्रथमच माप नीट लिहिलं नव्हतं. चुकीच्या जागेचं काय माप घ्यायचं, म्हणून रागाच्या भरात "पाचच्या आसपास" एवढंच खरडलं होतं, आणि पुढे एक शिवी. जो माणूस पावाचा तुकडा मोजायचा, त्याच्याकडे नेमक्या याच गोष्टीचा आकडा नव्हता. पाच धरून चालावं तर केसभर इकडेतिकडे झालं तरी ताईची बोटं ओळखणार. म्हणजे हात दाखवून अवलक्षण ते हेच.

शेवटी त्यानं घोडीचे पाय काढून टाकले आणि तिच्याखाली एक तात्पुरती लाकडी पट्टी ठेवली. तारांचा दाब पडला की ती जागेवर उभी राहते आणि लाकडी हातोडीच्या टिचकीनं केसभर सरकते. मग ताईला दुकानात बोलावून घेतलं आणि म्हणाला, "डोळे मीट आणि वाजव. थांबू नकोस. मी सरकवतो." सूर दाखवणारं यंत्र समोरच होतं. त्याचा काटा काहीच्या बाही सांगत होता, आणि अचूकची नजर सवयीनं तिकडेच जात होती. दोनदा गेली. तिसऱ्यांदा त्यानं यंत्र बंद केलं आणि ड्रॉवरमधे टाकलं.

मग बघायला फक्त ताईचा हात उरला. पंचेचाळीस वर्षांत शेकडो शनिवारी पहिल्या रांगेत बसून, शेजारच्याला कोपरानं ढोसून "घोडी मी बसवलीय" असं सांगण्यात त्यानं तो हात कधी पाहिलाच नव्हता. बारीक तारेवर बोट टेकलं की ते नुसतं दाबत नव्हतं. तार एका अंगाला, अगदी किंचित, ढकलत होतं. प्रत्येक स्वराला वेगळी, खाली कमी, वर जास्त. उतरलेला सूर तेवढ्यानं वर यायचा. एका क्षणी ती थांबून हात झटकू लागली, तेव्हा त्यानं तिची बोटं हातात घेऊन उजेडात धरली. गिटार वाजवणाऱ्यांना घट्टे पडतात ते बोटांच्या शेंड्यावर. ताईचे घट्टे कडेला होते. त्याची चूक तिच्या कातडीत जाऊन बसली होती, आणि तिनं ती दर शनिवारी, हजार स्वरांत, कुणाला कळू न देता दुरुस्त केली होती. दुरुस्तीचं दुकान मात्र याचं होतं. अचूकला एकदम रडू आलं, आणि ते लपवण्यासाठी त्यानं खाली वाकून एक न पडलेला स्क्रू शोधला.

"का नाही सांगितलंस?" टेबलाखालूनच त्यानं विचारलं.

"सांगणार होते. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. तर सकाळी उठून तू दारावर पाटी लावलेली. 'येथे वाद्ये दुरुस्त करून मिळतील.' पाटी मात्र अगदी सरळ होती."

"म्हणून?"

"म्हणून काय? बोटं वळतात रे. तू वळणाऱ्यातला नव्हतास."

"आणि मी नंतर मागायचो तेव्हा नाही म्हणायचीस."

"एकदा शिकले होते. पुन्हा पहिल्यापासून कोण शिकणार? ऊठ आता, तो स्क्रू तिथे नाहीये."

दुपार गेली. टिचकी, स्वर, टिचकी, स्वर. वर डॉक्टरीणबाईंचं यंत्र गुणगुणत होतं. मधे एकदा ताई त्याच्यावर खेकसली, मधे एकदा त्यानं हातोडी आपटली, आणि चहा दोनदा गार झाला. चारच्या सुमाराला त्यानं एक टिचकी मारली आणि ताईच्या कपाळावरची आठी गेली. ती वाजवतच राहिली. स्वर कुठेही न अडता एकामागून एक येऊ लागले, आणि ती डोळे मिटून डोलतेय हे तिच्या लक्षातही नव्हतं. अचूकनं श्वास रोखून पेन्सिलीनं खूण केली. मग पट्टी घेतली आणि त्या खुणेचं माप घेतलं, तीनदा. चार पूर्णांक सहा.

भोक शनिवारी सकाळी पाडलं. संध्याकाळी सात वाजता क्लबात मेहुणा कीबोर्ड मांडून बसला होता. ताईला दारात बघून त्याचा चेहरा पडला, पण ढोल भरलेलं बटण त्याच्याकडून आधीच दाबलं गेलं होतं, त्यामुळे ती आपल्या खुर्चीपर्यंत अगदी वाजतगाजत गेली. नऊपर्यंत वाजवलं. गुडघेवाली जोडपी नाचली, एकाचा बूट सुटला, एक आजोबा नको त्या आजींबरोबर दोनदा नाचून घरी बोलणी खायला गेले. गिटारीत काही बदललं होतं असं कुणालाच कळलं नाही. अचूक या खेपेला मागे भिंतीला टेकून उभा होता आणि दोन तासांत कुणाशी एक अक्षर बोलला नाही. बायकोनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

या धंद्यात एक रीत असते. दुरुस्त केलेलं वाद्य लोकांसमोर एकदा नीट वाजलं, की कारागीर एक चिठ्ठी लिहितो, काय काम केलं, कधी, कुणी, आणि ती वाद्याच्या पोटात चिकटवतो, पुढच्या कारागिरासाठी. सोमवारी ताई गिटार घेऊन दुकानात आली. अचूकनं चिठ्ठी लिहिली, मागे सरस लावला, चिमट्यात धरून फटीतून आत सोडली आणि आरशात बघत ठोकळ्याच्या कडेला दाबली.

"काय लिहिलंस?" ताईनं विचारलं.

"नेहमीचंच."

तिनं त्याच्या हातातला आरसा घेतला, बॅटरी घेतली आणि फटीत डोळा लावला. आरशात अक्षरं उलटी दिसत होती, म्हणून तिला एकेक शब्द लावत वाचावं लागलं. "घोडीचा बारीक तारांकडचा पाय... चार पूर्णांक सहा मिलिमीटर मागे आहे. ही चूक आहे. माझी आहे. कृपया... दुरुस्त करू नये."

तिनं बॅटरी बंद केली.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"माप तीनदा घेतलंय."

"माप नाही रे. चूक तुझी एकट्याची कशी? ती एका दुपारची होती. पुढची पंचेचाळीस वर्षं मी वाजवलीय ती. माझंही नाव घाल."

सरस अजून ओला होता. अचूकनं चिमटा आत घातला, चिठ्ठी अलगद सोडवली, फटीतून बाहेर काढली आणि टेबलावर सपाट केली. आपल्या नावाखाली जागा होती, पण त्यानं ती वापरली नाही. तिचं नाव त्यानं आपल्या नावाच्या वर लिहिलं.